मालकांचा चमचा

सकाळी सकाळी फोन वाजला आणि चमचेमामांच्या पोटात गोळा आला.

ते चहा अर्धा टाकून उठले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मग फोन उचलला. फोनवर बोलायला बटण कशाला लावावं लागतं, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक! पलीकडून कुणीतरी विचारलं, "गॅसवाले का?" मामा म्हणाले, "नाही, चुकीचा नंबर," आणि फोन ठेवून तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले. कपाळावर घाम आला होता.

"अहो, मालक नव्हते ना?" मामींनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"नव्हते."

"मग बसा की. चहा निवला."

वाचकहो, हसू नका. असा एक माणूस तुमच्या-माझ्या घरातही असतो. साहेबांचा फोन आला की उभा राहून बोलणारा, आणि सुट्टीच्या दिवशीही मोबाइल उशाशी घेऊन झोपणारा. आपण त्याला भित्रा म्हणून मोकळे होतो. त्याच्या भीतीची किंमत आणखी कुणाला तरी मोजावी लागत असेल, हे मात्र आपल्या डोक्यात येत नाही.

चमचेमामा कॉफीच्या एका मोठ्या घाऊक व्यापाऱ्याकडे कामाला होते. काम कॉफी चाखण्याचं. डोंगरावरच्या छोट्या छोट्या बागांमधून पोती यायची. प्रत्येक बागेच्या मालातून मूठभर दाणे भाजायचे, दळायचे, कपात घालून वर गरम पाणी ओतायचं. मग मामा हातात चमचा घेऊन एकेका कपापाशी थांबायचे. घोट असा दणकून भुरकायचे की खोलीबाहेर ऐकू जावं, तोंडात घोळवायचे आणि शेजारच्या डब्यात थुंकायचे. माल चांगला असला की अवाक्षर न बोलता पुढच्या कपाकडे वळायचं. खराब असला की चमचा कपाच्या काठावर एकदा वाजवायचा. टण! चमचा वाजला म्हणजे माल पडला. आणि पडलेल्या मालाला मालक देतील तो भाव.

चाखायच्या खोलीला एक उंच खिडकी होती. तिच्या खाली, बाहेर, एक लांबलचक बाक. माल घेऊन आलेली माणसं त्या बाकावर बसायची. त्यांना आतलं दिसत नसे, फक्त ऐकू येई. एक भुरका, मग शांतता, आणि मग एक तर पुढचा भुरका, नाही तर तो टण. सगळ्यांचा जीव त्या शांततेत टांगलेला असायचा.

इथपर्यंत सगळं ठीक. प्रत्येक धंद्याची एक रीत असते, तशी ही. पण मालक मामांच्या मागे उभे राहायचे आणि मध्येच खोकायचे. मालकांना खोकल्याचा काही आजार नव्हता, तब्येत ठणठणीत होती. पण ते खोकले की चमचा वाजायला हवा, हे कुणी न सांगता ठरून गेलं होतं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मामांनी चमकून मागे पाहिलं होतं. मालक नुसते हसले होते. मामा पुन्हा कपाकडे वळले आणि अस्सल, गोड मालावर त्यांनी चमचा वाजवला. पुढे पुढे तर मालकांनी घसा खाकरायच्या आतच त्यांचा हात हलू लागला.

कॉलनीत सगळे त्यांना चमचेमामा म्हणत, कारण त्यांच्या वरच्या खिशात पेनाच्या जागी चमचा असायचा. पाठीमागे काही टवाळ लोक 'मालकांचा चमचा' असंही म्हणत. मामांच्या कानावर ते येई. पण दोन खोल्यांचं घरसुद्धा मालकांचंच होतं, तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखं करणं बरं असं त्यांना वाटायचं.

तर त्या सकाळी निवलेला चहा ते घेत होते, तेवढ्यात दार वाजलं. पुन्हा दचकले. पण आली ती सिस्टर.

सिस्टर म्हणजे मामींची थोरली बहीण. सारी नोकरी इस्पितळात नर्स म्हणून केली, त्यामुळे अख्खी कॉलनी तिला सिस्टर म्हणायची. मामाही म्हणायचे. नात्यानं मेहुणी असूनही सिस्टर, यावरून मामी त्यांची फार थट्टा करायच्या. निवृत्त झाल्यापासून ती कॉलनीचं ग्राहक भांडार सांभाळत होती, आणि वॉर्ड सांभाळावा तसंच सांभाळत होती.

"मेहुणे, रविवारी काय करताय?" सिस्टरनं खुर्ची ओढत विचारलं.

"काही नाही. का?"

"मग झालं तर! रविवारी सभागृहात या, चमचा घेऊन."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला.

झालं होतं असं. सिस्टरनं भांडारात एक कोपरा वेगळा काढला होता. विणकरांकडून थेट आणलेले टॉवेल, मध गोळा करणाऱ्यांकडून थेट आणलेला मध, आणि डोंगरावरच्या बागवाल्या बायकांच्या गटाची कॉफी. मध्ये दलाल नाही, आणि ज्यानं पिकवलं किंवा विणलं, त्याचं पोट भरेल असा दर त्याच्या हातात. जगात याला फेअर ट्रेड म्हणतात म्हणे. सिस्टरला इंग्रजी पाटी नको होती. तिनं स्वतः ब्रश घेऊन लिहिलं, 'रास्त भावाचा कोपरा'.

आणि तिथेच घोटाळा झाला! पाटी लागली त्या सकाळी भांडारासमोर ही मोठी रांग. पिशव्या, डबे, एकानं तर बादली आणली होती.

"काय काय स्वस्त आहे, सिस्टर?" रांगेत पहिला नंबर लावलेल्या खडूसकाकांनी विचारलं. काका पेन्शनवाले. कॉलनीनं त्यांना हे नाव विचार करून दिलं होतं आणि त्यांनीही ते विनातक्रार स्वीकारलं होतं.

"स्वस्त काही नाही. रास्त आहे."

"म्हणजे तेच ना?"

"तेच कसं? रास्त म्हणजे योग्य. ज्यानं पिकवलं त्याला योग्य."

"मग त्यात आम्हाला काय मिळणार?"

"झोप! कॉफी पिऊनसुद्धा शांत झोप लागेल, काका."

रांग हसली आणि पांगली. बादलीवाला रिकामी बादली घेऊन घरी गेला. कॉफीला कुणी हात लावला नाही. पुड्या तशाच राहिल्या, आणि आता बायकांच्या गटानं निरोप धाडला होता की नवा माल तयार आहे. कॉलनीनं वर्षभर घ्यायचं कबूल केलं तर तो सगळा भांडाराला देऊ, नाही तर नेहमीसारखा मालकांच्या दारात न्यावा लागेल. त्याचा निकाल रविवारी सभासदांनी हात वर करून लावायचा होता.

"लोकांना वाटतं, महाग म्हणजे मी लुटतेय," सिस्टर म्हणाली. "माझं कोण ऐकणार? कॉफीतलं मला काय कळतं! पण तुमच्या जिभेवर सगळ्यांचा विश्वास आहे. तुम्ही चार लोकांसमोर चाखा. वाईट असली तर वाईट म्हणा, मी पाटी उतरवते. चांगली असली तर चांगली म्हणा. एवढंच मागणं आहे."

"अहो, पण मालकांना कळलं तर?"

"कळू दे की."

"कळू दे काय! हे घर त्यांचं आहे. नोकरी त्यांची आहे. उद्या बाहेर काढलं तर या वयात मी कुणाच्या दारात उभा राहू?"

"मेहुणे, सुई टोचायच्या आधी लोक जेवढे ओरडतात ना, तेवढं टोचल्यावर कुणी ओरडत नाही. जन्मभर पाहिलंय मी."

"सुई टोचल्यावर घर जात नाही, सिस्टर!"

 तिलाही ते पटलं. मग म्हणाली, "खरं आहे. गेलं घर, तर माझी मागची खोली आहे."

"ती गळते."

"गळू दे. खाली बादली ठेवू."

मामींना हसू आलं. मामांना आलं नाही. 'बघू' म्हणून त्यांनी वेळ मारून नेली.

कॉलनीत काही लपून राहत नाही. दुसऱ्याच दिवशी मालकांनी त्यांना आत बोलावलं. 

"या, चमचेमामा, बसा," मालक म्हणाले. मालक कधी कुणावर आवाज चढवायचे नाहीत. त्यांचं बोलणं इतकं गोड होतं की ऐकणाऱ्याला कापरं भरावं. "रविवारी म्हणे तुमचा कार्यक्रम आहे?"

"न... नाही... म्हणजे मेहुणी म्हणाली... मी अजून हो म्हटलेलं नाही."

"अहो, हो म्हणा की! लोकांसाठी केलं पाहिजे थोडं. मीही येतो. हल्ली खोकला जरा जास्तच झालाय, पण येतो."

मामांनी खिशातला चमचा चाचपला.

"आणि हो," मालक उठता उठता म्हणाले, "घराला रंग द्यायचा म्हणत होतात ना? देऊ या. आधी तिथं कोण राहणार आहे ते एकदा पक्कं होऊ द्या."

त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. तो हात मामांना घरी पोचेपर्यंत खांद्यावर जाणवत होता.

संध्याकाळी त्यांना जेवण जाईना. मामींनी खोदून खोदून विचारलं तेव्हा एकदाचं तोंड उघडलं. खिडकी, बाक, खोकला, सगळं सांगून टाकलं. इतक्या वर्षांत हे त्यांनी बायकोलाही कळू दिलं नव्हतं. मामी ताट बाजूला सारून ऐकत राहिल्या.

"म्हणजे चांगल्या मालालाही तुम्ही वाजवलात?"

"मी काय करणार? मागे उभे असतात ना ते!"

"आणि बाहेर बसलेल्या लोकांचं काय होतं मग?"

"मला काय माहीत? मी कधी बाहेर बघतच नाही."

मामींनी बाजूला सारलेलं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाल्या, "मलाही भीती वाटते हो. हे घर गेलं तर काय, म्हणून मलाही धडकी भरते. तुम्ही नाही म्हणालात तर मी ताईला समजावीन. पण यापुढे तुमचा पगार हातात घेताना मला तो टण ऐकू येईल, त्याचं काय करू?"

मामा उठले आणि उगाचच दाराची कडी लागली आहे ना ते बघून आले.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. रस्त्यात कुणी मागे खोकलं तरी त्यांच्या हातातली पिशवी निसटायची. रविवारी सकाळी तर त्यांनी कमालच केली. उकळती कॉफी कपात ओतली आणि एका दमात प्यायची ठरवली. जीभ भाजली म्हणजे चाखायचा प्रश्नच मिटला! कप ओठांना लावला, डोळे मिटले... आणि सवयीनं फुंकर मारली. पुन्हा कप उचलला, पुन्हा फुंकर. असं करता करता कॉफी कोमट झाली.

"अहो, काय चाललंय काय?" मामी दारात उभ्या होत्या.

"काही नाही. निववतोय."

"चला. ताई दोनदा बोलावून गेली."

सभागृह भरलं होतं. फुकट कॉफी म्हटल्यावर कोण घरी बसतंय! खडूसकाका पहिल्या रांगेत घरचा मोठा कप घेऊन बसले होते. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत मालक, कडक इस्त्रीच्या शर्टात, हातात घडी घातलेला रुमाल. मामांना पाहून त्यांनी गोड मान डोलावली. मामांनी मान खाली घालून टेबल गाठलं.

दाराजवळ एका स्टुलावर एक अनोळखी बाई बसली होती. रापलेला चेहरा, पायाशी कॉफीच्या दाण्यांचं, तोंड सोडलेलं छोटं पोतं. सिस्टरनं ओळख करून दिली, "या आपल्या बागवाल्या. बायकांच्या गटाकडून आल्यात." बागवाली घाईघाईनं उठून उभी राहिली आणि कुणीही बस म्हणेना, म्हणून तशीच उभी राहिली. तिला पाहताच कळत होतं, या खोलीत घाबरलेले मामा एकटेच नाहीत.

टेबलावर दोन कप होते. एकात बाजारात मिळते ती कॉफी, दुसऱ्यात डोंगरावरची. कोणत्यात कोणती, हे फक्त सिस्टरला माहीत.

"चला मेहुणे," सिस्टर म्हणाली. "दोन्ही चाखा आणि जे वाटेल ते बोला."

मामांनी खिशातून चमचा काढला. पहिल्या कपातला घोट भुरकला. पोरंटोरं खुदकन हसली. साधारण माल, जरा शिळा, जास्त भाजून दोष झाकलेला. ते दुसऱ्या कपाकडे वळले आणि भुरकले.

जिभेवर घोट पडला मात्र, आणि मामा होते तिथे खिळले. ही चव त्यांच्या ओळखीची होती! आधी हलकी आंबट गोडी, मग मागून सावकाश येणारा मधासारखा स्वाद. दर हंगामात ती एकदा त्यांच्या चमच्यात यायची. दर हंगामात ती चाखताना त्यांना एक क्षण बरं वाटायचं, आणि दर हंगामात नेमक्या याच कपावर मालक खोकायचे.

मामांचा चेहरा पाहून समोर मालकांनी खुर्चीत जरा बैठक बदलली. रुमाल तोंडाजवळ नेला. ते खोकले नाहीत. नुसता रुमाल वर गेला.

टण!

चमचा कपाच्या काठावर वाजला होता. मामांनी वाजवला नव्हता. हात थरथरला आणि वाजला. 

सभागृहात कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. चमचा कपाला लागला, एवढंच. खडूसकाका कप पुढे करून तयारच होते. पण मामींखेरीज आणखी तीन माणसांना त्या आवाजाचा अर्थ कळला होता. एक मामा. दुसरे मालक, ज्यांनी रुमाल न वापरताच पुन्हा मांडीवर ठेवला. आणि तिसरी ती बागवाली.

ती रागावली नाही, रडली नाही. खाली वाकली, पोत्याचं तोंड एकत्र केलं आणि गाठ मारू लागली. हाताला त्या कामाची सवय दिसत होती. टण झाल्यावर खिडकीबाहेर काय होतं, ते मामांनी आज पहिल्यांदा पाहिलं.

"बोला ना मेहुणे!" सिस्टर म्हणाली. "कोणती बरी?"

मामांच्या मनात आलं, पहिली म्हटलं की सुटलो! कुणाला कळणार आहे? घर राहील, नोकरी राहील, भिंतींना रंगही मिळेल. बाजारातली कॉफी बरी म्हणणं हा काही गुन्हा नाही. लोक कॉफी पिऊन घरी जातील आणि ती बाई तिची ती पोतं उचलून निघून जाईल, आजवर निघून जात आली तशी. त्यांनी तोंड उघडलं. मालक शांतपणे बघत होते. दाराजवळ गाठीचा पहिला वेढा बसला होता, दुसरा बसत होता.

"थांबा बाई!" मामा ओरडले. आवाज चिरकला. "गाठ मारू नका!"

सगळे एकदम वळले.

"तो चमचा... तो मी वाजवला नाही. माझा हात थरथरला, म्हणून वाजला. हा माल पडलेला नाही! हा उत्तम माल आहे. माझ्या जिभेवर याच्याहून चांगला माल क्वचित आलाय."

मालक खोकले. खणखणीत, एकदा. मग पुन्हा एकदा.

टेबलाचा काठ मामांनी घट्ट धरला होता. पण शब्द आता थांबेनात. "खोका मालक, खुशाल खोका! मंडळी, हा खोकला आजाराचा नाही. हे खोकले की मी चमचा वाजवतो. चमचा वाजला की माल पडतो, आणि यांना तो मातीमोलानं मिळतो. वर्षानुवर्षं हेच करत आलोय मी. लोक मला मालकांचा चमचा म्हणतात ना? बरोबर म्हणतात! पण आज नाही. आज ही जीभ माझी आहे!"

एवढं बोलून ते मटकन खुर्चीत बसले.  मामी धावत येऊन शेजारी उभ्या राहिल्या.

मालक उठले. चेहरा तसाच गोड. "किल्ली उद्या आणून द्या, चमचेमामा," असं म्हणाले आणि कुणाकडेही न बघता दारातून निघून गेले. बागवाली त्यांना वाट द्यायला भिंतीला चिकटली होती.

ते गेल्यावर बागवाली मामांसमोर आली. तिचा आवाज अगदी हळू होता.

"आम्हाला वाटायचं, झाडांनाच काही झालंय," ती म्हणाली. "दरवर्षी माल पडतो म्हणजे झाडच वाईट. सासऱ्यांनी अर्धी बाग उपटली मागच्या साली. त्यांच्या वडलांनी लावलेली झाडं होती. चांगली होती का हो ती?"

मामांना मान वर करता येईना. "चांगली होती," ते कसंबसं म्हणाले. "फार चांगली होती. चूक झाडांची नव्हती."

ती मान हलवून तशीच उभी राहिली. मामींनी आपली खुर्ची तिच्यापुढे केली.

खडूसकाकांनी घसा साफ केला आणि स्वतःच्याच त्या आवाजानं ओशाळले. "पण सिस्टर," ते म्हणाले, "मी तर आजवर यांच्या मालकांचीच कॉफी घेत आलोय. स्वस्त पडते म्हणून. पेन्शनीत भागवायचं तर माणूस स्वस्तच बघणार. माझा काय दोष?"

"दोष नाही म्हणत मी, काका," सिस्टर म्हणाली. तिचा वॉर्डातला आवाज आज मऊ झाला होता. "ज्याला परवडत नाही त्यानं घेऊ नये. थोडी घ्या, कधीमधी घ्या. पण एक सांगा, आपण दुकानात काय म्हणतो? 'अजून थोडं कमी करा.' मग दुकानदार व्यापाऱ्याला म्हणतो, 'अजून कमी करा.' व्यापारी खोकतो. शेवटी चमचा वाजतो तो, या बाई सांगतात त्या खिडकीबाहेरच्या बाकावर बसलेल्यांच्या नावानं. मालक एकटेच खोकत नव्हते, काका. त्यांच्या मागे आपणही रांगेनं उभे राहून खोकत होतो. कधी टॉवेलसाठी, कधी मधासाठी. फक्त खिडकीबाहेर बघायची वेळ आपल्यावर आली नव्हती."

काका हातातल्या रिकाम्या कपाकडे बघत राहिले.

"बरं, हात वर करा," सिस्टर म्हणाली. "वर्षभर कॉफी घ्यायची कुणाची तयारी आहे?"

वाचकहो, सगळे हात वर झाले असं मी सांगणार नाही. आधी मामींचा झाला. मग मागून एक, कोपऱ्यातून दोन, मग हळूहळू बरेच. काही लोकांनी मान खाली घातली आणि काढता पाय घेतला. खडूसकाकांनी कोपरापर्यंतच हात वर केला. "हा अर्धाच धरा," ते म्हणाले, "मी महिन्याआड घेईन." त्यावर सभागृह हसलं आणि खुद्द बागवालीलाही हसू आलं. पोती भांडाराच्या दारात उतरतील एवढे हात झाले होते. तिनं पोत्याची गाठ सोडली.

पुढचं थोडक्यात. मामांनी दुसऱ्या दिवशी किल्ली नेऊन दिली.  सिस्टरच्या मागच्या खोलीत संसार मांडला. खोली खरंच गळते. बादली ठेवावी लागते, आणि बादलीत थेंब पडला की मामा अजून दचकतात. फोन वाजला की अजून पोटात गोळा येतो आणि हात शर्टाच्या बटणाकडे जातो. भीती काही एका रविवारात जात नाही. पण आता ते भांडारात बसतात, आलेला माल चाखतात, आणि जे जिभेला वाटतं तेच बोलतात. शेजारच्या कॉलनीनंही तसा कोपरा काढला आहे. तिथली पाटी लिहायलाही सिस्टरच गेली होती. या वेळी तिनं 'रास्त भाव' यापुढे ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'पिकवणाऱ्याला!' बादली घेऊन कुणी आलं नाही.

आता मामांच्या खिशातल्या चमच्याचं सांगतो.

पुढच्या हंगामात बागवाली नवा माल घेऊन भांडारात आली. मामांनी कप मांडले, घोट भुरकला, आणि चमचा खाली ठेवताना तो बशीला लागला. आवाज बारीकसा झाला. पण ती बाई जागच्या जागी शहारली आणि तिचा हात आपोआप पोत्याच्या तोंडाकडे गेला. मामांनी ते पाहिलं. "माल चांगला आहे, बाई, उत्तम आहे!" असं ते तीनतीनदा म्हणाले, तेव्हा कुठे तिचा हात मागे आला.

त्यानंतर ती पुन्हा आली तेव्हा तिनं कागदात गुंडाळलेलं काहीतरी मामांच्या पुढ्यात ठेवलं. आत एक लाकडी चमचा होता. जरा ओबडधोबड, पण तासून गुळगुळीत केलेला.

"उपटलेल्या झाडांचं लाकूड पडून होतं," ती म्हणाली. "सासऱ्यांनी केलाय. म्हणाले, हा कुठेही आपटला तरी वाजणार नाही."

मामांनी तो दोन्ही हातांनी घेतला. त्यांचे डोळे भरून आले. तेव्हापासून त्यांच्या खिशात तोच असतो.

मंडळी, घाबरणं हा गुन्हा नाही. आपण सगळेच घाबरतो, कुणी मालकाला, कुणी महिनाअखेरीला. पण आपल्या भीतीचा आणि आपल्या स्वस्ताईचा भार, न दिसणाऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर टाकून आपण मोकळे होतो, तो अन्याय आहे. तो थांबवणं आपल्या हातात आहे! पुढच्या वेळी दुकानात 'अजून थोडं कमी करा' असं ओठांवर आलं, तर क्षणभर थांबा आणि विचारा, हे कुणी पिकवलं, आणि त्याच्या हातात काय पडलं? खिडकीखालच्या बाकावर कुणीतरी कान देऊन बसलेलं आहे.